चिकाटी, जिद्द की हट्ट? पर्सिस्टन्स, पर्सिव्हिअरन्स, टेनॅसिटी आणि ऑब्स्टिनसी यांच्यातला फरक

मंदाकिनी_सातारा (धागाकर्ती)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बारावीच्या वर्गात समानार्थी शब्द शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. मुलांच्या हातातल्या मार्गदर्शकांमध्ये पर्सिस्टन्स, पर्सिव्हिअरन्स आणि टेनॅसिटी या तिन्ही शब्दांपुढे 'चिकाटी' एवढेच छापलेले असते आणि ऑब्स्टिनसीपुढे 'हट्ट'. इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडावा, तर पहिल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या आधारे आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या आधारे दिलेला असतो. मुले विचारतात, "मॅडम, मग इतके शब्द कशाला?" हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

अठराव्या शतकातले कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न यांनी म्हटले आहे की चांगल्या कार्यात जिला पर्सिव्हिअरन्स म्हणतात, तिलाच वाईट कार्यात ऑब्स्टिनसी म्हणतात. ही कसोटी मला आजवर पुरेशी वाटत होती. परंतु पर्सिस्टन्स, टेनॅसिटी, स्टबर्न, डॉगिड आणि अलीकडे सगळीकडे दिसणारा ग्रिट हे शब्द तिच्यात बसवता येत नाहीत. यांच्यातला फरक तीव्रतेचा आहे, हेतूचा आहे की बोलणाऱ्याच्या दृष्टीचा? जाणकारांनी उदाहरणांसह लिहावे, ही विनंती.

रानवाटा

स्टर्न यांच्या वाक्याशी पूर्ण सहमत. आपल्याकडेही अभ्यासाला बसणाऱ्या मुलाची चिकाटी असते आणि मोबाइल मागणाऱ्याचा हट्ट असतो.

टिळकरोड

मी असहमत आहे. 'चांगले कार्य' कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्या कसोटीत तसाच राहतो. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' या कार्यक्रमात क्रियापद चालवून दाखवावे तशी या शब्दांची रूपे सांगितली होती: मी ठाम आहे, तुम्ही हट्टी आहात, तो आडमुठा मूर्ख आहे. इंग्रजीत ते शब्द अनुक्रमे फर्म, ऑब्स्टिनेट आणि पिग-हेडेड फूल असे होते. माणसाचे वागणे तिन्ही ठिकाणी एकच आहे. बदलते ते बोलणाऱ्याचे त्या माणसापासूनचे अंतर.

कोणत्याही संपाच्या बातम्या याच दृष्टीने वाचून पाहा. कामगारांच्या पत्रकात त्यांचे नेते 'रेझोल्यूट' असतात आणि मालकांच्या निवेदनात तेच नेते 'इन्ट्रान्सिजंट' होतात. हा दुसरा शब्दही इंग्रजीत आला तो राजकारणातूनच. १८७० च्या दशकात स्पेनमध्ये कोणतीही तडजोड न मानणाऱ्या जहाल प्रजासत्ताकवाद्यांचे ते नाव होते आणि १८७६ मध्ये फ्रान्समध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनाही ते चिकटवले गेले. तात्पर्य, हे शब्द माणसाचे वर्णन कमी आणि त्याच्याविषयीचा निवाडा अधिक सांगतात.

सूतगिरणी

टिळकरोड, तुमचे म्हणणे ऑब्स्टिनेटच्या बाबतीत मान्य करतो, पण टेनॅसिटी या शब्दात निवाडा मुळीच नाही. इचलकरंजीत आम्ही हा शब्द रोज वापरतो, कारण आमच्याकडे ते मोजमाप आहे. सुताचा एक पदर यंत्राच्या दोन जबड्यांत धरतात, एक जबडा ठरावीक वेगाने दूर सरकत जातो, सूत ताणले जाते आणि एका क्षणी तुटते. त्या क्षणी किती बल लागले, ते पाहून त्याला सुताच्या जाडीदर्शक आकड्याने भागायचे. उत्तर ग्रॅम प्रति टेक्स किंवा सेंटिन्यूटन प्रति टेक्स असे येते (टेक्स हे सुताच्या जाडीचे एकक). त्याला टेनॅसिटी म्हणतात. जाड दोर बारीक सुतापेक्षा अधिक भार घेतो हे उघड आहे, तरीही त्याची टेनॅसिटी त्या सुतापेक्षा कमी भरू शकते. स्वतःच्या जाडीच्या मानाने किती ओढ सहन केली, एवढेच ते माप सांगते.

शब्दाचे मूळ लॅटिन 'तेनेरे', म्हणजे धरून ठेवणे. त्यामुळे टेनॅसिटी म्हणायला समोरून काहीतरी ओढणारे हवे, असे मला वाटते. कोणी विरोधच करत नसेल, तर एखादा माणूस वीस वर्षे नियमाने रियाज करू शकेल. त्याला मी पर्सिव्हिअरन्स म्हणेन, टेनॅसिटी म्हणणार नाही. ताई, मराठीत मुलांना 'चिवटपणा' हा शब्द द्या. तो चिकाटीपेक्षा अधिक नेमका बसतो.

मंदाकिनी_सातारा

सूतगिरणी, मनापासून आभार. 'समोरून ओढणारे काहीतरी हवे' ही खूण मुलांना लगेच समजेल. पर्सिस्टन्सची अशीच एखादी खूण कोणाला सांगता येईल का?

निदान

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि आमच्या केस पेपरांवर यांतले बरेच शब्द निवाड्याशिवाय येतात. तीन आठवडे न थांबणारा खोकला 'पर्सिस्टंट' असतो. घशातून सुटता सुटत नाही, असा चिकट बेडका 'टेनेशियस' असतो. औषधांना दाद न देणारी अपस्मारासारखी व्याधी 'रिफ्रॅक्टरी' असते. यांपैकी कशालाही इच्छाशक्ती नाही. पर्सिस्टन्सची खूण इथेच सापडते: एखादी गोष्ट थांबायला हवी होती किंवा थांबेल अशी अपेक्षा होती, तरी ती चालू आहे, एवढेच तो शब्द सांगतो. पाऊस पर्सिस्ट करतो, वास पर्सिस्ट करतो. पाऊस पर्सिव्हिअर करत नाही, कारण पर्सिव्हिअर करायला मन हवे, समोर हेतू हवा आणि वाटेत अडचणही हवी.

मात्र टिळकरोड यांच्या मुद्द्याला एक गंभीर उत्तर द्यावेसे वाटते. पर्सिव्हिअरन्सचाच सख्खा भाऊ असलेला 'पर्सिव्हरेशन' हा शब्द मेंदूविज्ञानात वापरतात. १९४८ मध्ये तयार झालेली विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग ही चाचणी आजही वापरात आहे. रुग्णापुढे चार पत्ते असतात. प्रत्येकावर वेगळा आकार, वेगळा रंग आणि आकृत्यांची वेगळी संख्या. हातातला पत्ता कोणत्या पत्त्याखाली ठेवायचा, याचा नियम त्याला सांगत नाहीत. ठेवल्यावर फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतात. रंग जुळवायचा आहे, हे थोड्याच वेळात त्याच्या ध्यानात येते. सलग दहा उत्तरे बरोबर आली की परीक्षक काहीही न सांगता नियम बदलतो आणि आता आकार जुळवणे बरोबर ठरते. निरोगी माणूस दोन-चार वेळा 'चूक' ऐकून दुसरी रीत शोधतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले अनेक रुग्ण मात्र 'चूक, चूक' ऐकत असूनही रंगच जुळवत राहतात. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये हे पद्धतशीरपणे दाखवून दिले. या चुकांना पर्सिव्हरेटिव्ह एरर्स म्हणतात.

इथे बोलणाऱ्याच्या दृष्टीचा काही संबंध नाही. बाहेरून येणाऱ्या उत्तराने पुढची कृती बदलते की नाही, हे मोजता येते. माझ्या मते चिकाटी आणि हट्ट यांच्यातली खरी रेषा हीच आहे.

शब्दवेल्हाळ

निदान यांचा प्रतिसाद फार आवडला. परंतु पर्सिव्हिअर हा शब्द नेहमीच गुणवाचक असतो, असे कोणी समजू नये. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकातल्या दुसऱ्या प्रवेशात राजा क्लॉडियस पुतण्याला बजावतो की बापाच्या मृत्यूचा शोक असाच ऑब्स्टिनेटपणे पर्सिव्हर करत राहणे म्हणजे देवाला न मानणारा स्टबर्ननेस होय. ताईंच्या यादीतले तीन शब्द एकाच वाक्यात आले आहेत आणि तिन्ही निंदेचे आहेत. हे बोलणारा स्वतः त्या बापाचा खुनी आहे, हे पाहिले की टिळकरोड यांच्या मुद्द्यालाही आधार मिळतो. शोक थांबावा, यात क्लॉडियसचा स्वार्थ आहे, म्हणून त्याला तो शोक हट्ट वाटतो.

लॅटिनमध्येही 'पर्सेव्हेरारे' हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालत असे. चूक करणे मानवी आहे, पण चुकीत पर्सिव्हिअर करणे सैतानी आहे, अशा आशयाचे वचन प्रसिद्धच आहे. त्या शब्दाला सद्गुणाची झळाळी आली ती मुख्यतः ख्रिस्ती धर्मविचारामुळे. अखेरच्या श्वासापर्यंत श्रद्धेत टिकून राहणे ही ईश्वराची देणगी आहे, असे संत ऑगस्टिन यांनी मांडले; पुढे १६१८-१९ मध्ये डॉर्ट (नेदरलँड्स) येथील धर्मसभेने संतजनांचे पर्सिव्हिअरन्स, म्हणजे ईश्वराने निवडलेले लोक श्रद्धेतून कायमचे ढळत नाहीत, हा कॅल्व्हिनपंथीय सिद्धान्त पक्का केला. नेमक्या याच व्यवस्थेत पर्टिनॅसिटी हा शब्द आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन बसला, कारण नुसते चुकीचे मत बाळगले म्हणून कोणी पाखंडी ठरत नसे. समजावून सांगितल्यावरही ते हट्टाने धरून ठेवले, तर ठरे. टेनॅसिटी आणि पर्टिनॅसिटी यांचे मूळ एकच, 'धरून ठेवणे'. एकाला आज आपण गुण म्हणतो आणि दुसऱ्यात अजूनही किंचित नाराजी ऐकू येते.

रानवाटा

म्हणजे समजावून सांगणारा बरोबर आहे, हे आधी गृहीत धरलेले होते. निदान यांच्या चाचणीत 'चूक' म्हणणारा परीक्षक बरोबरच असतो. धर्मपीठासमोर तसे म्हणता येत नाही.

निदान

रानवाटा, अत्यंत महत्त्वाचा मुद्दा. उत्तर ऐकणे म्हणजे अधिकाऱ्याचे ऐकणे नव्हे, हे मी स्पष्टपणे लिहायला हवे होते. उत्तर वस्तुस्थितीकडून आले पाहिजे.

तटबंदी

वस्तुस्थितीकडून उत्तर मागणाऱ्या माणसाचे उदाहरण चार्ल्स डार्विन यांच्याइतके चांगले दुसरे मिळणार नाही आणि त्यांच्यासाठी कोणता शब्द योग्य, यावर त्यांच्या मुलाने विचारही केलेला आहे. फ्रान्सिस डार्विन यांनी वडिलांच्या आठवणी लिहिल्या, त्या १८८७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वडिलांच्या तोंडी एक बोली म्हण असे, तिचा भाव 'डॉगिडपणानेच काम होते' असा. फ्रान्सिस म्हणतात की पर्सिव्हिअरन्सपेक्षा डॉगिडनेस हा शब्द वडिलांच्या वृत्तीला अधिक जुळतो, कारण सत्याला स्वतःला उघड करायला भाग पाडण्याची त्यांची जवळजवळ उग्र इच्छा पर्सिव्हिअरन्समध्ये पुरेशी उतरत नाही.

ही वृत्ती कामात कशी दिसते, तेही पाहण्यासारखे आहे. गांडुळे जमिनीखालची माती वर आणून टाकतात आणि त्यामुळे पृष्ठभागावरच्या वस्तू हळूहळू खाली जातात, असे डार्विन यांचे म्हणणे होते. ते पडताळण्यासाठी डिसेंबर १८४२ मध्ये डाउन येथील घराजवळच्या एका कुरणात खडूच्या दगडाचे तुकडे पसरण्यात आले. मग २९ वर्षे ते कुरण तसेच ठेवले. नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथे चर खणला, तेव्हा त्याच्या दोन्ही भिंतींत पांढऱ्या तुकड्यांची रेघ सुमारे सात इंच खोलीवर दिसली. मधल्या काळात त्यांनी आठ वर्षे बार्नेकल या समुद्री जीवांच्या वर्गीकरणात घालवली होती आणि ज्या ग्रंथामुळे ते जगाला माहीत झाले, तो ग्रंथही लिहून झाला होता. गांडुळांवरचे त्यांचे पुस्तक १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी आले.

माझ्या मते डॉगिडमध्ये पाठलाग आहे. कुत्रा वासाच्या मागावर नाक जमिनीला लावून जातो, तसा. मूळ शब्दाचा जुना अर्थ चिडखोर आणि घुमा असा होता, नंतर त्याला 'न सोडणारा' हा अर्थ आला. मराठीत 'पिच्छा पुरवणे' हा त्याच्या सर्वांत जवळचा वाक्प्रचार म्हणता येईल.

लेखणीबहाद्दर

उच्चाराविषयी एक सूचना. विशेषण असेल, तेव्हा 'डॉगिड' असे दोन अवयवांत म्हणतात. 'वादाने ग्रासलेला' या अर्थी क्रियापदाचे रूप असेल, तेव्हा तोच शब्द एका झटक्यात 'डॉग्ड' असा उच्चारतात. तोंडी परीक्षेसाठी मुलांना हे सांगून ठेवावे.

गोदातीर

थोडे विषयाला धरूनच अवांतर. 'जिद्द' या शब्दाचे मूळ अरबी 'दिद्द', म्हणजे विरुद्ध, उलट. हिंदी-उर्दूतली 'ज़िद' अजूनही बहुतेक वेळा हट्टच असते. तिथे 'ज़िद्दी बच्चा' ही तक्रार आहे. मराठीत मात्र 'जिद्द' ही सत्काराच्या भाषणात येते. शेजारच्या दोन भाषांत एकाच शब्दाला उलटसुलट भाव आला, ही गोष्ट शब्दवेल्हाळ यांच्या पर्टिनॅसिटीच्या इतिहासाला पुष्टी देणारी आहे.

दुसरे म्हणजे 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' ही ओळ आपण भिंतीवर चिकाटीचे सुभाषित म्हणून लावतो. वामन पंडितांनी भर्तृहरीच्या नीतिशतकावरून केलेला तो श्लोक शेवटपर्यंत वाचला, तर त्याचा रोख वेगळाच आहे. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचे शिंगही सापडेल; पण मूर्खाचे मन काही वळवता येणार नाही. संस्कृतात तिथे 'प्रतिनिविष्ट' असे विशेषण आहे, म्हणजे हटून बसलेला. मूळ श्लोक ऑब्स्टिनेट माणसाविषयी आहे आणि आपण त्याची पहिली ओळ तेवढी पर्सिव्हिअरन्ससाठी उचलली आहे.

दक्षिणायन

फार सुंदर चर्चा चालू आहे. निदान यांच्या रेषेवर मला एक उदाहरण ठेवायचे आहे, ते अंटार्क्टिकातले. ९ जानेवारी १९०९ रोजी अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्यांचे तीन साथीदार ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशावर पोहोचले होते. दक्षिण ध्रुव तिथून अवघा ९७ सागरी मैल राहिला होता आणि तोवर कोणीही माणूस तिथे पोहोचला नव्हता. ते ध्रुव गाठू शकले असते, परंतु परतीपुरते अन्न उरले नसते. शॅकल्टन मागे फिरले आणि चौघेही जिवंत परतले. या निर्णयाला काय म्हणायचे? ध्येय सोडले, म्हणून पर्सिव्हिअरन्सचा अभाव म्हणायचा का?

माझे उत्तर ठामपणे 'नाही' असे आहे आणि त्याला आधार पुढच्या मोहिमेत मिळतो. त्या वेळी जहाजाचे नावच 'एन्ड्युरन्स' होते. जानेवारी १९१५ मध्ये ते वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले आणि २१ नोव्हेंबर रोजी बुडाले. खंड पार करण्याचे मूळ ध्येय संपले आणि सगळ्यांना घरी नेणे हे नवे ध्येय ठरले. बर्फावर तळ ठोकून, मग होड्या वल्हवत सगळे २८ जण एलिफंट बेटावर पोहोचले. तिथून शॅकल्टन आणि पाच जण एका उघड्या होडीतून, तिच्या वरच्या भागावर लाकूड आणि कॅनव्हास ठोकून, सुमारे ८०० सागरी मैल दूर असलेल्या दक्षिण जॉर्जिया बेटाकडे निघाले. २४ एप्रिल १९१६ रोजी निघालेली ती होडी १० मे रोजी किनाऱ्याला लागली. मागे २२ जण उलट्या केलेल्या दोन होड्यांच्या छपराखाली थांबले होते. त्यांना आणायला गेलेले पहिले जहाज बर्फामुळे परतले, दुसरे परतले, तिसरेही परतले. चौथ्या खेपेस, ३० ऑगस्ट रोजी, चिली सरकारचे 'येल्चो' हे छोटे जहाज बेटापर्यंत पोहोचले आणि सगळेच्या सगळे वाचले.

आता ताईंचे शब्द या एका हकिकतीवर ठेवून पाहा. बेटावर थांबलेल्या २२ जणांचा एन्ड्युरन्स, कारण त्यांच्या हातात सोसण्यापलीकडे फारसे काही नव्हते. वादळात होडीचे सुकाणू न सोडणाऱ्यांची टेनॅसिटी. सूतगिरणी यांनी सांगितलेली ओढ तिथे अक्षरशः होती. तीन जहाजे परतल्यावर चौथे मिळवणे हा पर्सिस्टन्स. पूर्ण दोन वर्षांच्या त्या धडपडीला मिळून पर्सिव्हिअरन्स म्हणता येईल. ऑब्स्टिनसी मात्र कुठेच नाही, कारण परिस्थितीने 'चूक' म्हटले की शॅकल्टन रीत बदलत होते आणि गरज पडली तेव्हा ध्येयही बदलत होते.

टिळकरोड

दक्षिणायन, हे वाचून मी माझे मत थोडे मागे घेतो. रसेल यांचे निरीक्षण शब्दांच्या वापराविषयी खरेच आहे, परंतु वापर पक्षपाती असतो म्हणून फरकच नसतो, असे होत नाही. माझी एकच शंका राहते. ध्येयही बदलायचे आणि रीतही बदलायची, तर मग धरून काय ठेवायचे? सगळेच सोडणाऱ्याला चिकाटीचा माणूस म्हणता येणार नाही.

गोदातीर

टिळकरोड, याला नाशिकमध्ये उत्तर आहे. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दगडफेक झाली, अटका झाल्या, तरी तो वर्षानुवर्षे चालू राहिला. मार्च १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाऊराव गायकवाडांना पत्र लिहून तो पुढे चालवू नये, असे कळवले. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा उभारला नव्हता, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी आणि बळ यावे म्हणून उभारला होता, ते काम झाले आहे आणि आता सारी शक्ती शिक्षण आणि राजकारण यांवर लावावी, असा त्या पत्राचा आशय आहे. मंदिराचा दरवाजा हे ध्येय कधी नव्हतेच. माणूस म्हणून समान हक्क हे होते. ते त्यांनी अखेरपर्यंत क्षणभरही सोडले नाही. दरवाजापाशीच अडून राहिले असते, तर विरोधकांनी त्याला हट्ट म्हटले असते आणि इतिहासानेही कदाचित दुजोरा दिला असता.

दक्षिणायन

अगदी हेच. ध्येयाच्या मागे असलेले प्रयोजन धरून ठेवायचे.

कृतिशील

ग्रिटविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मूळ अर्थ खरखरीत वाळू किंवा कच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तो माणसाच्या कणखरपणासाठी रूढ झाला. आज तो सर्वत्र ऐकू येतो, त्याचे कारण अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांचा २००७ मधला शोधनिबंध. दीर्घकालीन ध्येयासाठीचा पर्सिव्हिअरन्स आणि त्याच्या जोडीला त्या ध्येयाची ओढ, अशी त्यांची व्याख्या आहे. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या पहिल्या उन्हाळ्यातल्या खडतर प्रशिक्षणात कोण टिकेल, याचा अंदाज या मापाने बांधता आला, असे त्यांनी दाखवले. २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून म्हटले की हे माप मानसशास्त्रात आधीपासून असलेल्या 'कॉन्शिएन्शसनेस' (कर्तव्यदक्षता) या गुणाशी बरेचसे जुळते.

माझा आक्षेप वेगळा आहे. शाळांच्या भिंतींवर ग्रिट लिहिले की अपयशाचे ओझे मुलाच्या एकट्याच्या डोक्यावर जाते. ज्या मुलीला शाळेसाठी दोन एसटी बदलाव्या लागतात, तिला ग्रिटचे व्याख्यान देण्याऐवजी वेळेवर एसटी द्यायला हवी.

सूतगिरणी

कृतिशील यांच्याशी शंभर टक्के सहमत. सूत वारंवार तुटत असेल, तर आम्ही आधी यंत्राचा ताण तपासतो.

मंदाकिनी_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गासाठी मी साधारण असे ठरवते आहे: व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी मुलांना वाक्ये द्यायची आणि कोणता शब्द चालत नाही, ते विचारायचे. 'पाऊस पर्सिव्हिअर करतो' हे का चालत नाही, याचे उत्तर मुले स्वतः शोधतील. त्यानंतर शॅकल्टन यांची हकिकत सांगून कोणत्या प्रसंगाला कोणता शब्द, यावर चर्चा घेईन.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. आमचे विद्यार्थी परदेशी विद्यापीठांसाठी शिफारसपत्रे मागतात. त्यात 'पर्सिस्टंट' लिहावे की नाही?

लंडनकर

मंदाकिनीताई, मी इथे शैक्षणिक प्रशासनात आहे आणि अशी पत्रे वाचणे हा माझ्या कामाचा भाग आहे. 'पर्सिस्टंट' एकटा लिहू नका, कारण वाचणाऱ्याच्या मनात नकोसे वाटेपर्यंत फोन करणारा विक्रेताही येतो. इंग्रजीत 'पर्सिस्टंटली लेट' म्हणजे सतत उशिरा येणारा, असे सर्रास म्हणतात. कामाशी जोडून लिहिले, तर शब्द सुरक्षित होतो: अमुक प्रयोग फसत असताना ती कारण शोधण्यात पर्सिस्टंट राहिली. शब्दयोगी अव्ययही सांभाळा. 'पर्सिस्ट इन'च्या पुढे बहुधा चूक, सवय किंवा गैरसमज येतो. 'पर्सिव्हिअर विथ'च्या पुढे कठीण काम येते.

'टेनेशियस' हा वकील, संशोधक आणि पत्रकार यांच्यासाठी उत्तम शब्द आहे. 'डॉगिड' जपून वापरा; त्यात कष्ट दिसतात, पण बुद्धीची चमक कमी आहे, असा अर्थ काही जण काढतात. 'ऑब्स्टिनेट' कधीही नको. मात्र 'स्टबर्न' आणि 'ऑब्स्टिनेट' यांतही फरक आहे, तो कोणी नोंदवलेला दिसला नाही. स्टबर्न हा स्वभाव असतो आणि माणूस तो स्वतःविषयी प्रेमाने सांगू शकतो. कपड्यावरचा न जाणारा डागही स्टबर्न असतो. जॉन अॅडम्स यांनी १७७० मध्ये बोस्टनच्या गोळीबार खटल्यात इंग्रज सैनिकांच्या बाजूने बोलताना 'फॅक्ट्स आर स्टबर्न थिंग्ज' असे म्हटले होते. तिथे ऑब्स्टिनेट घालून पाहा, वाक्य उभेच राहत नाही. ऑब्स्टिनेटला विशिष्ट प्रसंगी दिलेला विशिष्ट नकार लागतो, बहुधा कोणीतरी समजावत असताना दिलेला.

शब्दवेल्हाळ

लंडनकर, शेवटचे वाक्य अचूक आहे. ऑब्स्टिनेटला समजावणारा लागतो, टेनेशियसला ओढणारा लागतो, पर्सिस्टंटला थांबण्याची अपेक्षा लागते आणि पर्सिव्हिअरला अडचण लागते. ताई, मुलांना प्रत्येक शब्दाबरोबर 'समोर कोण आहे?' एवढे विचारायला सांगा. 'रिकॅल्सिट्रंट' हाही त्यात घ्या: लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे टाच, त्यावरून टाचेने लाथ मारणारा. तिथे समोर मालक असतो.

मंदाकिनी_सातारा

घेते. सोमवारी दोन्ही तुकड्यांना हाच पाठ आहे. मुलांनी केलेली वाक्ये इथेच टाकीन, तपासायला सगळ्यांनी यावे.